मन हंय आण

चौतीस वर्षं मी लहान मुलांना गप्प बसवायचं काम केलं. त्यातली तीस ओरडून आणि शेवटची चार न ओरडता. ओरडून बसवलेली मुलं लगेच बसत आणि मी फळ्याकडे वळले की उठत. न ओरडता बसवायला फार वेळ लागे, पण एकदा बसली की खरोखर बसत. या दुसऱ्या प्रकाराला सरकारी कागदात 'सजगता' म्हणतात. आमच्या मुलांनी त्याचं नाव 'गप रवाचो तास' ठेवलं होतं आणि मला ते जास्त पटतं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. मालवणात माझ्या घरी आता एवढी शांतता आहे की ती कुणी कुणाला शिकवायची गरज नाही. तरी साडेदहा वाजले की मला चैन पडत नाही. चहाचा कप हातात असतो आणि मी मनातल्या मनात हजेरी घेत असते. मुलांना चार वर्षं सांगत होते की जिथं बसलाय तिथं राहा, आणि स्वतः मात्र खुर्चीत बसून मसुऱ्याच्या अलीकडच्या त्या दोन खोल्यांच्या शाळेत असते. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं वाचणारी आहेत, भेटली की जाब विचारतील.

सुरुवात झाली ती सावंतवाडीच्या एका प्रशिक्षणात. पुण्याहून एक तरुण मॅडम आल्या होत्या. आवाज असा मऊ की दुपारच्या सत्रात अर्धे गुरुजी पेंगले. त्यांनी प्रत्येकाच्या तळहातावर एक बेदाणा ठेवला आणि म्हणाल्या, "हा पाच मिनिटं खायचा आहे. आधी बघा, मग वास घ्या, मग जिभेवर ठेवा." माझ्या शेजारी बसलेले कुडाळकडचे गुरुजी मला हळूच म्हणाले, "बाई, माझ्या वर्गात तो बेदाणो एक मिनीट जरी ऱ्हवलो ना, तर त्या पोराचो मी जाहीर सत्कार करतंय."

त्यांचं खरं ठरलं. माझ्या वर्गात पहिली आणि दुसरी एकत्र, मिळून अकरा मुलं. मी बेदाणे वाटत शेवटच्या मुलापर्यंत पोचले तोवर पहिली रांग ओरडली, "बाईनू, माझो खाल्लो!" मग मी डोकं चालवून आवळे आणले. आवळा घाईघाईत खाता येत नाही, आणि वर पाणी प्यायलं की तोंड गोड होतं. त्या गोडव्याची वाट बघत अकराच्या अकरा मुलं चिडीचूप बसली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे जमेल.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, यात मंत्र नाही, आसन नाही, काही नाही. माणूस एका जागी बसलेला असतो आणि मन भलतीकडे उंडारत असतं. त्याला हाताला धरून परत आणायचं, एवढाच धंदा. मोठ्या माणसांना श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतात. लहान मुलांना श्वास दाखवला की ती नाकातून आवाज काढून दाखवतात. म्हणून मी कानाकडून सुरुवात केली. रोज हजेरी झाली की पाच मिनिटं ऐकायचं आणि मग काय काय ऐकलं ते सांगायचं. डोळे मिटायची सक्ती नाही, काही मुलांना मिटलेल्या डोळ्यांची भीती वाटते, त्यांनी जमिनीकडे बघावं. जेवणानंतर हा तास घ्यायचा नाही, कारण मग घोरण्याखेरीज काही ऐकू येत नाही. आणि शिक्षा म्हणून तर कधीच नाही. हे सगळं मला कुणी शिकवलं नाही, मुलांनी हात टेकायला लावून शिकवलं.

मुलं काय काय ऐकत! पंपाचा आवाज, माडाचं झाप पडल्याचा, कुणाच्या घरी खोबरं वाटत असलेल्या मिक्सरचा. एक पोरगी म्हणाली, "बाईनू, माझ्या पोटात कोणतरी बोलता हा." मासेवाल्याच्या स्कूटरचा भोंगा वाजला की मात्र सगळी सजगता पाण्यात. "बाईनू, मासे इले!" म्हणून वर्ग खिडकीला, आणि खोटं कशाला सांगू, त्यांच्या मागून मीही. सुरमई आहे का, एवढंच विचारायचं असे.

प्रशिक्षणात शेवटी सांगितलं होतं की मुलांना दुसऱ्याचं भलं चिंतायला लावा. मी आपली भोळेपणानं म्हणाले, "डोळे मिटा आणि कुणाचं तरी भलं व्हावं असं म्हणा." दुसरीतला ओंकार गावकरांच्या घरातला. त्याचे आजोबा देवळात सगळ्या गावाच्या वतीनं देवाला गाऱ्हाणं घालतात, बाकीचे त्याला होकार भरतात. भलं चिंतायचं म्हणजे काय, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तो उठून उभा राहिला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात सुरू झाला, "बा देवा म्हाराजा! आज आमी सगळी पोरा तुझ्या पायाकडे गप बसलेली आसंव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वर्ग ओरडला.

"बाईंच्या घशाक आराम पडांदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि काल आमटीत मीठ जास्त पडला, ता पुन्ना पडाक नको म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी मागून एक जाड आवाजही आला. वळून बघते तर दारात केंद्रप्रमुख. न कळवता तपासणीला आलेले, चपला काढून, हात जोडून उभे. आपण कोण आहोत हे लक्षात आल्यावर त्यांनी हात सोडले आणि घसा खाकरला. शेरेबुकात त्यांनी लिहिलं, 'उपक्रम स्तुत्य. शांतता वाढवावी.' मी ख्रिस्ती असल्यामुळे मला गाऱ्हाण्याचं वावडं असेल असं त्यांना वाटलं असावं. पण आमच्याकडे खुरसापुढं, म्हणजे क्रुसापुढं, लदीन ही प्रार्थना म्हणतात तेव्हाही एकजण मागतो आणि बाकीचे साथ देतात. मला ते घरचंच वाटलं. त्या दिवसापासून तासाचा शेवट गाऱ्हाण्यानं होऊ लागला, रोज एका मुलाची पाळी.

आता दुर्वाबद्दल सांगते. खरं तर तिच्याबद्दलच सांगायचं होतं, बाकीचं सगळं तोंड उघडायला धीर यावा म्हणून बोलले.

दुर्वा दुसरीत होती. बारीक अंगाची, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, आणि वेणी रोज थोडी वाकडी, कारण ती बाप घालायचा. तो गवंडीकाम करायचा. आई घरातल्या भांडणातून निघून गोव्याला म्हापशाला गेली होती. भांडण कुणाचं, कशावरून, याच्या गावात चार गजाली होत्या, मी एकही पूर्ण ऐकली नाही. दुर्वाला घरात कुणी काही सांगितलं नव्हतं. 'येतली गो' एवढंच. आई सकाळच्या एसटीनं गेली होती, म्हणून ती एसटीनंच येणार हे पोरीनं धरून ठेवलं होतं.

आमच्या ऐकण्याच्या पाच मिनिटांत पावणेअकराची एसटी व्हाळावरच्या पुलावरून यायची. व्हाळ म्हणजे ओढा, तीच गावाची वेस. तिथून शाळा बरीच लांब, त्यामुळे गाडी देवळापाशी येईपर्यंत इतरांना ऐकू येत नसे. दुर्वाला मात्र पुलावर असतानाच ऐकू यायची. रोज विचारलं की तिचं एकच उत्तर, "यष्टी." दुसरा आवाज नाही. पंप नाही, कावळा नाही.

आणि मी चुकले. मला वाटलं, या पोरीचं मन इथं नाही, ते परत आणणं हेच तर माझं काम. एक दिवस मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि प्रशिक्षणातल्या मॅडमसारख्या मऊ आवाजात म्हणाले, "दुर्वा, गाडी हंय नाय. तू हंय आसस. मन हंय आण."

तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून ती वेगवेगळी उत्तरं द्यायला लागली. कावळो. पंप. मिक्सर. मी खूश. वहीत लिहूनही ठेवलं की दुर्वाची प्रगती चांगली आहे.

दीडएक महिन्यानं एकदा एसटी वाटेत बंद पडली आणि आलीच नाही. तास संपला, मुलं पुस्तकं काढायला लागली, तेव्हा दुर्वा माझ्या टेबलाजवळ येऊन अगदी हळू म्हणाली, "बाईनू, आज गाडी येवक नाय?"

"तुका कसा कळला?"

"मी रोज ऐकतंय. सांगणंय नाय."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. कावळा आणि पंप ती शेजारच्या मुलीचं ऐकून सांगत होती. मी तिला सजग केलं नव्हतं, खोटं बोलायला शिकवलं होतं. आणि आईची वाट बघणंसुद्धा लपून करायला लावलं होतं. चौतीस वर्षांत मी मुलांना फटके दिलेत, कान पिळलेत, त्याचं वाईट वाटतंच. पण या मऊ आवाजातल्या वाक्याइतकं कशाचंच नाही.

त्याच वर्षी, भात घरात आल्यावर, गावपळण ठरली. बाहेरच्यांना हे ऐकून नवल वाटतं. आमच्या भागातल्या काही गावांत काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन अख्खा गाव तीन दिवस बाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद नाही. घरांना कड्या घालायच्या आणि वेशीपलीकडे झापांची खोपटं करून राहायचं. गावात फक्त देव. पुन्हा कौल झाला की परत यायचं. पोरांना याच्याइतकी मजेची सुटी दुसरी नाही. वर्गात आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी गाऱ्हाण्याची पाळी दुर्वाची होती. ती उभी राहिली, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आमी आता तीन दिस गावात नसतलंव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मुलं आनंदानं ओरडली.

"माझी आये ह्याच दिसांत इली, आणि घराक कडी बघून परत गेली, तर आमका कळाचा नाय म्हाराजा."

या वेळी वर्गातून आवाज आला नाही. मुलं एकमेकांकडे बघायला लागली. ओंकारनं माझ्याकडे बघितलं.

"तू गावातच आसतलंस. तिका सांग म्हाराजा, आमी व्हाळापलीकडे आसंव."

"व्हय म्हाराजा!" ओंकार एवढ्या मोठ्यानं ओरडला की बाकीच्यांना ओरडावंच लागलं. मीही ओरडले.

त्याच दुपारी घरी जाताना मी पावणेअकराच्या गाडीच्या कंडक्टरला मालवणच्या स्टँडवर गाठलं. अशी अशी बाई आली तर पुलावरच उतरवा, म्हटलं. तो हसला. "बाई, गावात कोण नसताना मी थंय गाडी न्हेतलंय कित्याक? सगळ्यांका व्हाळाकडेच उतरवतलंय." एवढं साधं होतं ते. पण देवानं ऐकलं की नाही हे आपल्याला कळत नाही, कंडक्टरचं कळतं.

शाळेला स्थानिक सुटी होती. तरी पहिल्या दिवशी मी स्कूटर काढून गेले. पुलाच्या कठड्यावर दुर्वा बसलेली, पाय खाली सोडून. मागे खोपटांतून धूर, कोंबड्यांचा कालवा, बायकांच्या गप्पा. मी तिच्या शेजारी बसले.

"दुर्वा, त्या दिवशी मी तुका मन हंय आण म्हटलंय, ती माझी चूक झाली गो."

"कधी?" ती म्हणाली. तिला आठवत होतं. मला वाईट वाटू नये म्हणून विचारत होती, सात वर्षांची पोर.

मग आम्ही दोघी ऐकत बसलो. आवाज मोजायचे नाहीत, सांगायचे नाहीत, फक्त गाडी ऐकायची. तिनं आधी मान वर केली, मग बऱ्याच वेळानं मला ऐकू आली. गाडी थांबली. एक म्हातारा आणि दोन पिशव्या उतरल्या. दुर्वा कठड्यावरून उतरली आणि खोपटाकडे गेली. शिकवण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला पोचायला उशीर झाला. पुलावर कोणी नव्हतं. खोपटांच्या कडेला, फणसाच्या सावलीत एक बाई बसली होती आणि तिच्यापुढं दुर्वा पाठमोरी. बाई तिची वेणी घालत होती. सरळ, घट्ट, मधोमध भांग पाडून.

मला बघून बाई उठायला लागली. मी बस म्हटलं. माझ्या तोंडावरचा प्रश्न तिनंच वाचला असावा.

"ह्या गावात परत पाय ठेवचंय नाय म्हणान सांगान गेल्लंय मी, बाईनू. ता मोडूचा नव्हता माका. पण आता गावच गावात नाय. गावपळण लागली म्हणान म्हापशात कळला, मगे इलंय."

देवाला न विचारता, कुणाची माफी न मागता, कुणाचा उंबरा न ओलांडता आपल्या पोरीपर्यंत पोचायची एवढीच एक वाट होती आणि ती तिनं शोधून काढली होती. सासरची माणसं दहा पावलांवर भात शिजवत होती. कुणी तिला ये म्हटलं नाही, पण कुणी जाही म्हटलं नाही. झापांच्या खोपटाला दारच नसतं, ते बंद कसं करणार? दुपारी सासूनं एक ताट जास्त वाढलं. कुणासाठी ते बोलली नाही.

निघताना मी दुर्वाला थट्टेनं विचारलं, "काय गो, आज काय काय ऐकलंस?"

"बाईनू, आज सुटी आसा," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवसानंतर कौल झाला. गाव सामान उचलून पुलावरून परत निघाला, गुरं पुढं, माणसं मागं. आई पुलाच्या अलीकडेच उभी राहिली. दुर्वा बापाचा हात धरून गावात गेली ती उलटी चालत. बापानं तिला सरळ चालायला सांगितलं नाही. स्वतः पुढं बघत, हळूहळू, तिच्या पावलानं चालत राहिला. मी आईच्या बाजूला उभी होते. तिनं मला एवढंच विचारलं, दाखला काढायला काय काय लागतं?

तो जूनमध्ये लागला. म्हापशाला खोली मिळाली होती, शेजारी शाळा होती. बापानं सही करताना मान वर केली नाही, पण सही केली. दुर्वा गेल्यावर शाळेचा पट एकानं घटणार होता. पट घटला की शाळेच्या डोक्यावर टांगती तलवार, हे सगळ्यांना माहीत होतं. एका सहकाऱ्यानं सुचवलंही की बाई, दाखला जरा लांबवा, पंधरा दिवस तरी. लाज वाटते सांगायला, पण दोन दिवस मी तो खरोखर टेबलाच्या खणात ठेवला. पटासाठी नाही. ती जावी असं मला वाटत नव्हतं. मला स्वतःचं मूल नाही. हे वाक्य मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दाखला घेऊन मी पुलावर गेले, कारण आई गावात येणार नव्हती. दुर्वाचा बाप पिशवी घेऊन आला होता. नवराबायको एकमेकांशी बोलली नाहीत. पिशवी देताना तो तेवढं म्हणाला, "पाऊस पडात. छत्री पिशयेत आसा." तिनं मान हलवली.

मी दुर्वाला जवळ घेतलं. काय सांगायचं ते रात्रभर ठरवून आले होते. नवीन शाळेत लक्ष दे, बाईंचं ऐक, पत्र लिही. यातलं काही तोंडातून निघालं नाही. "बरी ऱ्हव" एवढंच म्हणाले. ती हो म्हणाली आणि गाडी आली.

तिला खिडकीची जागा मिळाली, माझ्याच बाजूची. मी हात वर केला. मुलं अशा वेळी शेवटपर्यंत हात हलवतात, ते बघायला मी तिथं थांबले होते, माझ्यासाठी तेवढं तरी पाहिजे होतं. गाडी सुटली. आई वाकून तिला काहीतरी सांगत होती. दुर्वा आईच्या तोंडाकडे बघत होती, सगळी, पूर्ण. मी खिडकीच्या खाली हात वर करून उभी आहे हे तिच्या ध्यानातही नव्हतं. चार वर्षांत मी जे शिकवायला धडपडले, ते मला एकदाच, एकाच मुलात, असं डोळ्यांसमोर दिसलं, आणि मला त्याचं खूप वाईट वाटलं.